व्हॅम्पायर मारायचं काम नेहमी शाळकरी पोरांच्याच गळ्यात का? (लिहिताना अडकलेय)

रातकिडा
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचत होते इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी एक अर्बन फँटसी मालिका लिहायला घेतलीये, मराठीतच. मोठं शहर, त्यात माणसांत मिसळून राहणारे व्हॅम्पायर आणि त्यांच्या मागावर असलेली पाच पोरं. मुख्य मुलगी सोळा वर्षांची. पहिल्या भागाची साठेक पानं झाल्यावर धाकट्या बहिणीला वाचायला दिली, ती पण सोळाचीच आहे, म्हटलं हिच्यापेक्षा योग्य वाचक कोण मिळणार. तिने दोन दिवसांत वाचून काढलं आणि तिसऱ्या प्रकरणाच्या कडेला पेन्सिलने एकच ओळ लिहून परत दिलं, "हिची आई कुठेय?"

मी म्हटलं अगं आई नाइट शिफ्टला असते. तर म्हणे रोज? आणि सकाळी पण नसते का?

मग मी तो सीन परत वाचला. माझी हिरॉइन रात्री साडेतीनला मागच्या दाराने घरात येते, बाही फाटलेली, मानेला रक्त, बेसिनपाशी उभी राहून ते धुते, तीन तास झोपते आणि सकाळी जाऊन परीक्षा देते. घरात कुणी काही विचारत नाही आणि मला लिहिताना हे खटकलं पण नाही, कारण मी जे वाचत आणि बघत आले त्यात असंच असतं. आईबाप एकतर मेलेले असतात, नाहीतर कामात असतात, नाहीतर त्यांना चष्मा लागलाय की काय असं वाटावं इतकं समोरचं दिसत नसतं.

तर माझे प्रश्न असे की मुळात हंटर इतके लहान का असतात, हे कधीपासून सुरू झालं, आणि आईबापांना न मारता, घराबाहेर न घालवता ही गोष्ट सांगता येते का? मला ती आई मारायची नाहीये. मला ती आवडते. पण ती जिवंत आणि शहाणी असेल तर पोरीला रात्री बाहेर कशी जाऊ देईल, इथे माझं घोडं अडलंय. स्पॉयलर चालतील, बिनधास्त लिहा.

पिवळी_पानं
चांगला धागा. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

कधीपासून या प्रश्नाचं थोडंसं उत्तर माझ्याकडे आहे. ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला १८९७ची, त्यातले हंटर शाळकरी नाहीत. व्हॅन हेल्सिंग म्हातारा प्रोफेसर, सीवर्ड वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर, हार्कर वकील, मॉरिस अमेरिकन, आर्थर जहागीरदाराच्या घरातला. सगळे मोठे, हाताशी पैसा असलेले. हे फार कामाला येतं बरं का, कारण ड्रॅक्युलाने लंडनमध्ये स्वतःला झोपायला मातीच्या पन्नास पेट्या आणलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच शहरभर वेगवेगळ्या घरांत पोचवलेल्या असतात, मग हे लोक हमालांना, गाडीवाल्यांना गाठून, त्यांना दारू पाजून एकेक पेटी कुठे गेली ते काढतात. पिकॅडिलीच्या घरात शिरायला तर ते रात्री कुलूप फोडत नाहीत, भर दिवसा उघड उघड कुलपवाला बोलावतात, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला संशयच येत नाही. मला विचाराल तर शहरातली व्हॅम्पायर शिकार म्हणजे हेच, अर्धं काम कागदपत्रं आणि पत्ते शोधण्यात जातं. सोळा वर्षांच्या पोरीने कुलपवाला बोलावला तर तो आधी विचारेल की घरात मोठं कोण आहे.

आता तुमच्या आईच्या मुद्द्याकडे येतो. ड्रॅक्युलात एक आई आहे, लुसीची. लुसी एकोणीस वर्षांची, ड्रॅक्युला रात्री येऊन तिचं रक्त पीत असतो. त्याला रोखायला व्हॅन हेल्सिंग तिच्या खोलीत लसणाच्या फुलांच्या माळा लावतो, खिडक्या बंद करून घेतो, आणि रात्री आई मायेने बघायला येते, खोली कोंदट वाटते म्हणून ती फुलं काढून टाकते आणि खिडकी उघडते. सकाळी डॉक्टर मंडळी आल्यावर ती त्यांना कौतुकाने सांगते की मी पण काळजी घेतली हो लेकीची. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं, कारण तिचं हृदय कमजोर, धक्का सोसणार नाही म्हणून. हा सीन मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ नुसता बसून होतो. त्या बाईने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तिच्यापासून लपवलं, आणि त्या लपवण्याने पोरगी गेली.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच आई गोष्टीत होती, जिवंत होती आणि प्रेमळही होती. तिला बाहेर घालवायची फॅशन नंतरची.

मधली_सुट्टी
बफीचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही!! ही सगळी शाळकरी हंटरांची लाट मोठी केली ती बफी द व्हॅम्पायर स्लेयर या सिरियलने. सिनेमा १९९२चा होता, पण खरा जीव आला तो टीव्हीवर, १९९७ ते २००३, सात सीझन. शाळेच्या लायब्ररीखालीच नरकाचं तोंड आणि लायब्रेरियन गाइल्स हाच तिचा वॉचर, म्हणजे तिला ट्रेनिंग देणारा.

रातकिडा, तुझ्या बहिणीचा प्रश्न त्या सिरियलमध्ये तोंडावर विचारलाय गं. दोन सीझन आई जॉइसला काही माहीत नसतं, आपल्यालाही वाटायला लागतं की काय आंधळी बाई आहे. आणि मग दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, १९९८ साली, घरासमोरच एक व्हॅम्पायर अंगावर येतो, बफी आईच्या डोळ्यांदेखत त्याची राख करते आणि मग स्वयंपाकघरात दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. त्यात बफी विचारते की तू कितीदा माझ्या कपड्यांवरचं रक्त धुतलंस, तरी तुझ्या लक्षात आलं नाही? आणि आई म्हणते या घरातून बाहेर पडलीस तर परत यायचा विचार करू नकोस. बफी जाते, कारण त्या रात्री जग वाचवायचं असतं. ते वाचवते आणि खरंच गाव सोडून निघून जाते. मी हे आठवी नववीत असताना पाहिलं आणि तेव्हा बफीची बाजू घेऊन रडले होते, आता परत पाहिलं तर आईसाठी रडू आलं. दोन्ही वेळेला सीन तेवढाच खरा वाटला.

आणि हंटर लहान का, यावर पण त्यात उत्तर आहे आणि ते गोड नाहीये. तिसऱ्या सीझनमध्ये एक जुनी परंपरा कळते, स्लेयर, म्हणजे व्हॅम्पायर मारायला निवडलेली मुलगी, अठराची झाली की वॉचरने तिला न सांगता औषध टोचून तिची ताकद काढून घ्यायची आणि मग एका व्हॅम्पायरबरोबर घरात कोंडायची, जगली तर पास. गाइल्स ती सुई स्वतः टोचतो. नंतर त्याला राहवत नाही, तो तिला सगळं सांगून टाकतो, आणि वॉचरांचं कौन्सिल त्याला काढून टाकतं, कारण काय तर तो तिच्यावर बापासारखं प्रेम करतो. सातव्या सीझनमध्ये तर कळतं की पहिली स्लेयर म्हणजे एक मुलगी, तिला काही पुरुषांनी साखळदंडाने बांधलं आणि तिच्यात जबरदस्तीने राक्षसाची शक्ती घातली. मधेच केंड्रा नावाची दुसरी स्लेयर येते, तिला आईवडलांनी इतक्या लहानपणी वॉचरकडे देऊन टाकलेलं असतं की ते तिला फक्त फोटोंतून माहीत असतात.

म्हणून मला वाटतं हंटर लहान असते कारण लहान पोर ऐकते. तिला सांगितलं की तू निवडलेली आहेस तर तिला ते खरं वाटतं. तिशीतल्या बाईला सांगून बघा, ती पहिल्यांदा पगार विचारेल. वॉचरना पगार असतो, स्लेयरला नसतो, सहाव्या सीझनमध्ये बफीला घर चालवायला बर्गरच्या दुकानात काम करावं लागतं. जग वाचवलेली मुलगी, डोक्यावर ती टोपी!

तेव्हा आई कुठेय हे तर विचारच, पण त्याच्या आधी हे ठरव की तुझ्या हिरॉइनच्या हातात पहिला स्टेक, म्हणजे व्हॅम्पायरच्या छातीत खुपसायचा लाकडी खुंटा, कुणी दिला. तो देणारा तुझ्या साठ पानांत आहे का?

उंबरठा
इतकं खोलात जायची गरज आहे असं मला वाटत नाही. वाचणारा पंधरा सोळाचा, म्हणून हिरो पंधरा सोळाचा. त्या वयात घरातलं कुणी आपलं ऐकत नाही, रात्री बाहेर जायची परवानगी नसते, अंगात रग असते, आणि एक गोष्ट अशी मिळते जिच्यात शहर रात्री तुमचं असतं आणि मोठी माणसं झोपलेली असतात. मी त्या वयात हेच शोधत होतो. आईबाप पानोपानी आले असते तर मी पुस्तक बंद केलं असतं, खरं सांगतो. रातकिडा यांनी आई ठेवावी, पण तिला दर प्रकरणात आणू नये एवढंच सांगेन.

निळी_शाई
मी नर्स आहे, रात्रपाळ्या भरपूर केल्यात, त्यामुळे माझा प्रतिसाद जरा वेगळ्या अंगाने.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड दोन लिटर गेलं की माणूस गोंधळतो, नाडी पळायला लागते, अंग थंड पडतं, घाम फुटतो. तेव्हा चावा बसल्यावर हिरॉइनने उठून कोलांटी मारून लाथ घातली असं लिहिणार असाल तर चावा किती वेळ चालू होता ते आधी ठरवा. ड्रॅक्युलात त्या लुसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त देतात आणि रक्तगट जुळतात का हे कुणी बघत नाही, बघणार कसं, लँडस्टायनरने रक्तगट शोधले तेच पुस्तक आल्यानंतर तीनचार वर्षांनी. आज तुमच्या गोष्टीत ते चालणार नाही. तुमच्या पाच पोरांना एकमेकांचे रक्तगट पाठ असायला हवेत, आणि हे मी मनापासून सांगतेय, ती एक ओळ जरी घातलीत तरी कळेल की या पोरांनी आधी कुणालातरी गमावलंय.

दुसरं, हृदय लोक समजतात तितकं डावीकडे नसतं, छातीच्या मधल्या हाडामागेच त्याचा बराचसा भाग असतो. त्या हाडातून लाकूड आरपार जायला अमानवी जोर लागेल. बरगड्यांच्या मधून किंवा खालून वर असा घाव लिहा. आणि लाकूड हातात निसटतं, हात ओला असेल तर जास्तच, म्हणून पोरं मुठीपाशी काहीतरी गुंडाळतील, चिंधी, सायकलच्या हँडलची टेप, काहीही.

तिसरं, झोप. तेरा ते अठरा वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. तीन तास झोपून परीक्षा एकदा देईल, दोनदा देईल. तिसऱ्या आठवड्यात तिला दाराची चावी कुठल्या खिशात ठेवली ते आठवणार नाही, ती रडेल, चिडेल, तिचा हात उशिरा पडेल. आणि हे सगळ्यात आधी दिसतं कुणाला? घरातल्या माणसाला. आई नाइट शिफ्टवाली असेल तर तिला न झोपलेल्या माणसाचा चेहरा रोज आरशात दिसतो हो, ती पोरीचा चेहरा ओळखणार नाही होय?

आणि रक्त थंड पाण्यानेच निघतं. गरम पाण्याने डाग बसतो. तुमच्या मुलीने त्या बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं असेल तर आईला सकाळी कळलंच म्हणून समजा.

तळघर
मला एक खरी घडलेली गोष्ट सांगायचीये, कारण इथे सगळे काल्पनिक पोरांबद्दल बोलताहेत आणि मला ती खरी पोरं विसरता येत नाहीत.

सप्टेंबर १९५४, ग्लासगो, गोर्बल्स नावाची दाट गरीब वस्ती. शाळेत बातमी पसरली की लोखंडी दातांच्या एका व्हॅम्पायरने दोन मुलं पळवून खाल्ली आणि तो तिथल्या सदर्न नेक्रॉपोलिस या जुन्या कब्रस्तानात राहतो. शाळा सुटल्यावर शेकडो पोरं तिकडे गेली. काही इतकी लहान की चालायला शिकून फार वर्षं झाली नसतील. हातात काठ्या, सुऱ्या, घरातून उचलून आणलेलं जे मिळेल ते, काहींबरोबर कुत्री. कब्रस्तानाच्या मागेच लोखंडाचा कारखाना होता, त्याच्या भट्टीचा लाल उजेड आणि धूर थडग्यांवर पडायचा, त्या धुरात पोरं व्हॅम्पायर शोधत होती. पोलिसाला बोलावलं गेलं, शाळेच्या हेडमास्तरांनी येऊन समजावलं की असलं काही नसतं, घरी जा, शेवटी पाऊस आला आणि पोरं पांगली. दुसऱ्या दिवशी परत आली!

कुणाचंच मूल हरवलेलं नव्हतं. मोठ्यांनी खापर फोडलं अमेरिकन हॉरर कॉमिक्सवर, पार पार्लमेंटपर्यंत गेलं, १९५५ मध्ये मुलांसाठी घातक प्रकाशनांवर कायदाच झाला. पण लोखंडी दातांचं भूत त्या कॉमिक्समधलं असल्याचं काही सापडलं नाही, उलट तिकडच्या जुन्या कवितेत लोखंडी दातांची जेनी आहे आणि बायबलात दानिएलच्या सातव्या अध्यायात लोखंडी दातांचा पशू आहे. म्हणजे पोरांना हे मोठ्यांकडूनच मिळालं असणार, शाळेत नाहीतर चर्चमध्ये.

मला यातलं काय लागतं माहितेय का, ती पोरं पळून गेली नाहीत. दोन मुलं खाल्ली असं ऐकल्यावर घाबरून घरात लपायला हवं होतं, ती उलटी तिथेच गेली. जी मुलं कधी अस्तित्वातच नव्हती त्यांच्यासाठी गेली. कुणी निवडलं नव्हतं, कुणी स्टेक हातात दिला नव्हता, सुरी आईच्याच स्वयंपाकघरातली. मधली_सुट्टी म्हणतात ते मला पटतं, पण हे पण खरं आहे. मोठ्यांनी वापरलं म्हणूनच पोरं लढतात असं नाही, कधी कधी त्यांना एवढंच दिसतं की कुणीतरी जायला हवं आणि मोठं कुणी जात नाहीये.

मधली_सुट्टी
तळघर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. काटा आला. दुसऱ्या दिवशी परत आली हे वाचून तर फारच. माझं म्हणणं थोडं मागे घेते, सगळं नाही.

कडी_कोयंडा
मधली_सुट्टी यांच्या बाजूने अजून एक. व्हॅम्पायर अकॅडमी ही रिशेल मीडची सहा पुस्तकांची मालिका, २००७ ते २०१०. सिनेमा पाहून मत बनवू नका, पुस्तकं वाचा. त्यातली रोझ सतरा वर्षांची, अर्धी माणूस अर्धी व्हॅम्पायर, म्हणजे डॅम्पिर. चांगल्या व्हॅम्पायरांना मोरॉय म्हणतात, वाइटांना स्ट्रिगॉय, आणि डॅम्पिरांनी मोरॉयांचं रक्षण करायचं, लहानपणापासून डोक्यात एकच वाक्य भरलेलं की ते आधी, आपण नंतर. ट्रेनिंग शाळेतच, गार्डियन व्हायचं वय अठरा. दुसऱ्या पुस्तकात तिचा मित्र मेसन मारला जातो, तिथेच ती आयुष्यातले पहिले दोन स्ट्रिगॉय मारते, आणि मग समारंभ करून तिच्या मानेवर त्या दोघांना मारल्याच्या खुणा गोंदतात, बक्षीस म्हणून. मित्र गेलेल्या मुलीच्या मानेवर सुई टोचताहेत आणि सगळे तिचा अभिमान बाळगून उभे. लेखिका तिथे फार बोलत नाही आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

पण या धाग्याशी संबंध आहे तो पाचव्या पुस्तकाचा. गार्डियन कमी पडायला लागतात म्हणून मोरॉय लोक सरळ कायदा करतात की वय अठरावरून सोळावर आणा. रोझ भर सभेत भडकते. आधीच्या चार पुस्तकांत वाचक म्हणून आपण हे गृहीत धरून चाललेलो असतो की पोरं लढतात, मस्त लढतात, वाचायला मजा येते, आणि एकदम समोर येतं की हे वय कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, मतदान घेऊन.

डॅम्पिर हा शब्द लेखिकेच्या मनचा नाही हे पण सांगतो. बाल्कनमध्ये, सर्बियाकडे आणि तिथल्या रोमा लोकांत जुनी समजूत आहे की व्हॅम्पायरच्या पोराला व्हॅम्पायर दिसतो, बाकीच्यांना तो दिसत नाही, म्हणून गावात काही झालं की त्याला बोलवायचं. आणि तो फुकट करायचा नाही, मोबदला घ्यायचा. तुमच्या हिरॉइनलाच जायला का लागतं याचं साधं उत्तर इथे मिळू शकेल, फक्त तिलाच दिसतं म्हणून. पण मग प्रश्न येतो की तिच्यात हे आलं कुठून, आणि त्याचं उत्तर परत आईपाशीच जातं. बघा, डोक्यात काही येतंय का.

उंबरठा
कडी_कोयंडा, हा शेवटचा मुद्दा जबरदस्त आहे. मी दर प्रकरणात आई नको म्हटलं होतं, पण हे असं असेल तर आई पडद्यामागे राहून पण प्रत्येक पानावर असेल.

एक मात्र राहिलं, मित्रांचं कुणी बोललं नाही. पाच पोरं आहेत म्हणता, त्यातलं एक कधीतरी व्हॅम्पायर होणार. मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स या मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात नायिकेचा मित्र सायमन मरतो आणि त्याला पुरावं लागतं, तो माती उकरत वर येईपर्यंत मैत्रीण तिथे उभी. तिने इतके दिवस ज्यांच्यापासून जपून राहायचं असं ऐकलं त्यातलाच एक आता तिचा लहानपणापासूनचा दोस्त. पंधरा सोळाला मित्र म्हणजे घरापेक्षा जास्त असतात. तो सीन चुकवू नका.

रातकिडा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं परत परत वाचत होते म्हणून उत्तराला उशीर झाला.

कडी_कोयंडा, आईकडून आलेलं असणं हे मी नाही घेणार बहुतेक, कारण मग ती पण निवडलेली होते आणि मला ती साधीच हवीये. पण फक्त पोरीला दिसतं हे घेतेय. उंबरठा, पाचातला कोण ते मला माहितेय आणि लिहायची हिंमत होत नाहीये, तो माझा सगळ्यात आवडता आहे. मधली_सुट्टी, पहिला स्टेक कुणी दिला यावर मी रात्रभर विचार केला, माझ्या साठ पानांत तो माणूस खरंच नव्हता. पोरं आपली आपण शिकली असं धरून चालले होते. आता तळघर यांची गोष्ट वाचून ते तसंच ठेवणारे, कुणी दिला नाही, तिनेच मोडक्या खुर्चीचा पाय तासला. पण मग कुणाला तरी तो पाय नसलेली खुर्ची दिसली असेल ना.

तर तिसरं प्रकरण बदललं. आता मुलगी साडेतीनला येते, बेसिनपाशी मान धुते, शर्ट धुवायचं त्राण नसतं म्हणून तो पलंगाखाली ढकलते आणि झोपते. सकाळी उठून बघते तर पलंगाखाली शर्ट नाही. न्हाणीघरात बादलीत भिजत घातलाय, थंड पाण्यात, पाणी गुलाबी झालंय, आणि फाटलेल्या बाहीला आधीच्या वेळची शिवण आहे, जी तिने घातलेली नव्हती. स्वयंपाकघरात खुर्ची भिंतीला टेकवून उभी केलेली, तीन पायांवर. आई कामावरून येऊन झोपलीये. एवढंच. कुणी काही बोलत नाही. निळी_शाई, ते थंड पाणी तुमचं आहे.

बहिणीला दिलं वाचायला. या वेळेला पण पेन्सिलने एकच ओळ लिहून आली, "मग आई बोलत का नाही?"

निळी_शाई
बादलीत थोडं मीठ टाकायला लावा तिला, जुना डाग असेल तर त्याने सुटतो. आणि आई झोपलेली नाहीये, रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला लगेच झोप लागत नाही. ती डोळे मिटून पोरीच्या पावलांचा आवाज ऐकत पडलीये.

रातकिडा
हे लिहून घेतलं.